आजोबांच्या लाकडी रेडिओत कॉम्प्युटर बसवायचाय, लाकूड कापू का?

चिंचेखालची, सांगली:

नमस्कार मंडळी,

घरात आजोबांचा मर्फीचा मोठा लाकडी रेडिओ आहे, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला. लाकूड ठणठणीत आहे, पॉलिश जागोजागी उडालंय, पुढचं कापड पिवळं पडलंय, डायलची काच शाबूत. आतलं मात्र सगळं संपलेलं. ट्रान्सफॉर्मर जळका, दोन व्हॉल्व्ह फुटके, ट्यूनिंगची दोरी तुटलेली आणि शॅसीवर (सगळे भाग बसवलेल्या आतल्या पत्र्यावर) उंदरांचा कारभार. मिरजेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्यांना दाखवला. त्यांनी मागचा पुठ्ठा उघडला, वास घेतला आणि परत लावला. म्हणाले, शोकेसमध्ये ठेवा.

आई दर दिवाळीला तो भंगारात द्यायला काढते आणि मी परत आत नेते. यंदा मला नवा कॉम्प्युटर घ्यायचाच आहे, तर तो यातच बसवायचा असं डोक्यात घेतलंय. मी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करते, गेम खेळत नाही. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि मिनी आयटीएक्स बोर्ड (लहान मापाचा मदरबोर्ड) घ्यायचा विचार आहे, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. अजून काही विकत घेतलेलं नाही.

आतली मापं: रुंदी ५२ सेंमी, उंची ३०, खोली २१. डायल खाली, त्याच्या वर स्पीकर. पुढे दोन मोठी बटणं आणि मधे चार पांढऱ्या पट्ट्या, हार्मोनियमसारख्या दाबायच्या.

आमचे सुतारमामा म्हणतात, वरून दोन पंख्यांची गोल भोकं आणि मागून चौकट कापून देतो. करू का? लाकडात कॉम्प्युटर तापून पेटणार तर नाही ना? आणि रेडिओचं बटण फिरवून कॉम्प्युटर चालू करता येईल का?

डायलचा दिवा लागला पाहिजे. खरं तर सगळा खटाटोप त्या दिव्यासाठीच आहे.

विकत घे की:

अडीच-तीन हजारांत काचेच्या बाजूचा, पुढून जाळीचा कॅबिनेट मिळतो, पंखे फुकट. सुतार, पॉलिश, वेळ, पेट्रोल सगळं धरलं तर त्याच्या दुप्पट जाईल आणि हवा निम्मी खेळेल. रेडिओ पुसून शोकेसमध्ये ठेवा, कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवा. दोघंही सुखी.

तापलेला व्हॉल्व्ह, पुणे:

सुतारमामांना आधी थांबवा!

असे रेडिओ आता नवे बनणार नाहीत. तुमचा सेट मेलाय असं तुम्ही म्हणता, पण ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो, व्हॉल्व्ह जुन्या बाजारात सापडतात, दोरी तर काय कुणीही ओवून देईल. आज तुमच्या गावात करणारा माणूस नाही म्हणून उद्या मिळणारच नाही असं नाही. वरच्या फळीत एकदा १२० मिलिमीटरची दोन भोकं पडली की तो रेडिओही राहत नाही आणि कॉम्प्युटरही धड होत नाही. मी अशा चार-दोन पेट्या भंगारवाल्याकडे बघितल्यात. कुणी तरी हौसेनं चिरलेल्या आणि सहा महिन्यांत कंटाळून टाकलेल्या.

शॅसी, स्पीकर, फुटके व्हॉल्व्हसुद्धा टाकू नका. नकोच असेल तर आमच्यासारख्या वेड्यांना द्या.

कानसवाला, चिंचवड:

वरच्या दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण ताईंनी विचारलेलं राहूनच गेलं.

मी आयटीआयचा फिटर. उभी हयात टूलरूममध्ये गेली, आता निवृत्त. कॅबिनेट कापायची खोड लागली ती पांढऱ्या-पिवळट डब्यांच्या काळात. १९९८ साली ॲपलचा तो निळसर, आरपार दिसणारा आयमॅक आला आणि मग सगळ्यांनाच आपला डबा कुरूप वाटायला लागला. तिकडे अमेरिकेत पोरं पत्र्याला खिडकी पाडून त्यात ॲक्रिलिक बसवायची, आत निळी ट्यूब लावायची. आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तेच इकडे करायचो. आता खिडकी काय, अख्खी काचच कारखान्यातून बसून येते आणि रंगीत दिव्यांचं इंद्रधनुष्यही सोबत. त्यामुळे "विकत घे की" यांचा हिशोब बरोबर आहे. पैसे वाचवायला हे कुणी करत नाही. पोहे घरी कशाला करायचे, हॉटेलात मिळतात की, असं म्हटल्यासारखं आहे ते.

आता मुद्द्याचं. ताई, लाकडाला एकही नवं भोक पाडू नका. गरजच नाही.

रेडिओ उलटा करून बघा. तळाला चार बोल्ट असतील, शॅसी त्यांनी धरलेली असते. ते काढा, बटणांचे स्क्रू सैल करून बटणं ओढून काढा, की अख्खी शॅसी मागून बाहेर येते. मूळ बांधणीच तशी आहे, दुरुस्तीवाल्याला सोपं जावं म्हणून. आपणही तेच करायचं. कॉम्प्युटर एका पत्र्याच्या ट्रेवर पूर्ण बांधायचा आणि तो ट्रे मागून सरकवून त्याच चार भोकांतून कसायचा. उद्या रेडिओ दुरुस्त करणारा भेटला तर चार बोल्ट काढले की पेटी जशीच्या तशी. व्हॉल्व्हसाहेबांचाही जीव भांड्यात पडेल.

हा ट्रे मात्र स्वतः पहिल्यापासून बनवायला जाऊ नका, हौशी माणूस तिथेच दमतो. बोर्डाची भोकं, मागच्या पोर्टांची खिडकी, त्या दोघांमधलं अंतर, हे सगळं ठरलेल्या मापाचं असतं. खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर, बोर्ड १७० बाय १७०. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर यूएसबी आत शिरत नाही. म्हणून भंगारातून एक जुना टॉवर कॅबिनेट आणा. रंग उडालेला, दार नसलेला चालेल, फक्त मागची बाजू वाकलेली नको. त्यातला बोर्ड बसतो तो पत्रा आणि पोर्टांची खिडकी असते तो मागचा पत्रा, हे दोन काटकोनात जोडलेले असतात. तो कोपरा अखंड कापून घ्यायचा. मिनी आयटीएक्सची चार भोकं मोठ्या बोर्डाच्या भोकांशी जुळतात, ते मुद्दाम तसं ठेवलंय. म्हणजे माप काढायचं काम कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं आहे, तुम्ही फक्त उचलायचं. आतला सांगाडा कारखान्याचा आणि बाहेरचं रूप आपलं, हा माझा नेम आहे. इतक्या कॅबिनेटांत मी तो मोडलेला नाही.

कापायची पद्धत सांगतो, कारण इथेच बोटं कापतात. हा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. जिगसॉ थेट लावलात तर पत्रा थरथरतो, फाटतो, पातं अडकून मशीन उडी मारते. पत्रा दोन पातळ प्लायच्या मधे दाबून, क्लॅम्प लावून, प्लायसकट कापा. पातं बारीक दातांचं, इंचाला २४ दात. आधी रेघ गुण्यानं (काटकोनाच्या पट्टीनं) मारा, रेघेवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे रंग ओरबाडत नाही, कोपऱ्यात सेंटर पंचचा ठोका देऊन भोक पाडा आणि तिथे पातं वळवा. कापून झालं की धारेवर बोट फिरवायचं नाही! कानस आडवी न घासता धारेच्या लांबीनं ओढायची, एकाच दिशेनं, मग उलट बाजूची बर (धारेला उरलेले बारीक काटे) काढायची. नख फिरवल्यावर अडकलं नाही की समजा झालं. कीस गोळा करायला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा आणि मग पिशवी उलटी करून सोडवा. नुसतं चुंबक फिरवलंत तर तो कीस आयुष्यभर चुंबकालाच चिकटून राहील. आणि हे सगळं बोर्ड घरात यायच्या आधी. लोखंडाचा एक कण बोर्डावर राहिला तरी खेळ खलास.

तापण्याचं म्हणाल तर लाकूड पेटायला अडीचशे-तीनशे अंश लागतात, कॉम्प्युटरची आतली हवा पन्नाशीही गाठत नाही. शिवाय हा विचार करा की पाच व्हॉल्व्हचा सेट स्वतःच ४०-५० वॅट खायचा आणि जवळजवळ सगळ्याची उष्णता करायचा. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, तोही पत्रिका करताना अर्ध्यावर चालणार. या पेटीनं अशी उष्णता वर्षानुवर्षं सोसलीय. मागच्या पुठ्ठ्याला ती भोकं उगाच नसतात.

हवेची वाट मात्र नीट करायची. आत यायचा रस्ता तुमच्याकडे तयार आहे, स्पीकरचा. स्पीकर काढून ठेवा, त्याच्याच बोल्टांवर ६ मिमीच्या प्लायची पट्टी बसवा आणि तिच्यावर १२० चा पंखा. पंख्याची भोकं १०५ मिमीवर येतात. पंखा कापडापासून बोटभर मागे राहू द्या, नाहीतर कापड थरथरून गुणगुणतं. बाहेर जायचा रस्ता मागून. मूळ पुठ्ठा जपून ठेवा, त्याच्या मापाचा जाळीचा पत्रा घ्या. दुकानात ३ मिमीची भोकं ५ मिमी अंतरावर असा पत्रा पुढे करतील, तो दिसायला छान पण जेमतेम तिसरा हिस्सा उघडा असतो. ५ ची ७ वर मागा, तो निम्म्याच्या जवळ जातो. सगळं बसलं की पुढच्या कापडाजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला आणि मागून निघाला की काम फत्ते. कापडाजवळच रेंगाळला तर कापड धुळीनं भरलंय.

वर भोकं अजिबात नकोत. वर लोक तांब्या-भांडं ठेवतात.

चिंचेखालची:

काका, कुठून कुठे नेलंत! उलटा करून बघितला, चार बोल्ट आहेत. दोन गंजलेत. तळाला एक मोठी चौकोनी खाच पण आहे, पुठ्ठ्यानं झाकलेली.

मला तू म्हणा हो, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन.

बटणाचं आणि दिव्याचं सांगा ना. मी उत्साहाच्या भरात रंग बदलणारी एलईडी पट्टीही मागवून बसलेय.

आणि तुम्ही स्वतः केलेलं एखादं कॅबिनेट?

कानसवाला, चिंचवड:

बरं, तू म्हणतो.

गंजलेल्या बोल्टांवर जोर करू नकोस, लाकूड फुटेल. गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेव, दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळ आणि मग सोड. तळाची खाच ही तर लॉटरी आहे. पुठ्ठा काढून तिथे जाळी लाव आणि पेटीला बोटभर उंच रबरी पाय दे, खालूनही गार हवा येईल. पायांना स्क्रू नकोत, चिकटवायचे मिळतात.

बटणाचं असं आहे. रेडिओचं आवाजाचं बटण टक् करून चालू होतं आणि चालूच राहतं. कॉम्प्युटरला तसं चालत नाही, त्याच्या बोर्डावर दोन पिना असतात, त्या क्षणभर जोडल्या की तो उठतो. जोडलेल्याच राहिल्या तर चार सेकंदांत स्वतःच बंद पडतो. म्हणजे ते टक् वालं बटण जोडलंस तर कॉम्प्युटर उठेल, डोळे चोळेल आणि परत झोपेल. त्या चार पांढऱ्या पट्ट्या वापर. एक दाबली की दुसरी वर येते ना, ते मागच्या एका सरकत्या पट्टीमुळे. ती पट्टी काढून डबीत घालून ठेव, मग प्रत्येक पट्टी दाबली की नुसती परत वर येईल. तिच्या मागे छोटं पुश बटण बसव आणि दोन तारा बोर्डाकडे ने. या तारांना बोर्डाचे जास्तीत जास्त ५ व्होल्ट असतात, शॉक बसत नाही. रेडिओचा जुना मेन स्विच आणि जुनी वायर मात्र कशालाही वापरायची नाही. २३० व्होल्ट फक्त एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या) मागच्या सॉकेटपर्यंत, त्याच्या पुढे पेटीत कुठेही नाही.

मोठी दोन बटणं वाया घालवू नकोस. मागे रोटरी एन्कोडर (बटण किती फिरलं ते कळवणारा भाग) बसव आणि प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड, तो यूएसबीला कीबोर्ड असल्यासारखा वागतो. एका बटणानं आवाज. दुसऱ्यानं, तू डिझाइन करतेस ना, झूम. ट्यूनिंगचं बटण फिरवलं की पत्रिकेवरचा गणपती जवळ येतो! एन्कोडरची दांडी ६ मिमी असते आणि जुन्या रेडिओंच्या बटणाचं भोक बहुधा पाव इंच, म्हणजे ६.३५. तेवढ्या फटीनं बटण डुगडुगतं. दांडीवर तांब्याच्या पातळ पट्टीचा एक वेढा दे आणि मग बटणाचा बारीक स्क्रू आवळ.

दिवा. रंगीत पट्टी परत पाठवता आली तर पाठव. डायलमागचे मूळ बल्ब ६.३ व्होल्टचे असतात. एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरवर पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ आणि दोन काळ्या. लाल आणि एक काळी घे. ६.३ चा बल्ब ५ वर लावलास की थोडा मंद, थोडा तांबूस जळतो. अगदी तो रंग. शिवाय टिकतोही जास्त. कॉम्प्युटर स्लीपला गेला की ५ व्होल्टही जातात, म्हणजे डायलही विझतो, वेगळं काही करावं लागत नाही. पंख्याच्या पिनांवरून बल्ब ओढू नकोस, थेट एसएमपीएसवरून घे. पट्टीच लावायची असेल तर आधी तिच्या टोकाला बघ. तीन पिनांची असेल तर ५ व्होल्टची, चार असतील तर १२ ची. ५ ची पट्टी १२ ला लावली की एकदाच छान चमकते.

माझ्या कॅबिनेटांबद्दल विचारलंस. सध्या टेबलावर आहे त्याची एक बाजू तांब्याची, माठारकामाची, म्हणजे हातोडीनं ठोके दिलेली. पुण्यात तांबट आळीत करून घेतली. मी आपला फिटरच्या सवयीनं माप काढून, भोकं पाडून, तयार पत्रा घेऊन गेलो. तिथल्या कारागिरानं पत्रा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, हा घेऊन जा, कोरा आणा. ठोके पडले की तांबं पसरतं, पत्र्याच्या कडा लाटेसारख्या होतात, भोकं कुठच्या कुठे जातात. आधी ठोकायचं, मग सपाट करायचं, मग कापायचं आणि शेवटी भोक. चाळीस वर्षं मी बरोबर उलट्या क्रमानं काम केलेलं. कोरा पत्रा नेला, मोठाच नेला. त्यानं मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर येत ठोके दिले, एकाशेजारी एक, चिमटीएवढे. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, त्यामुळे २२ गेजचा पत्राही दाबला तर वाकत नाही. वरून पारदर्शक लॅकर मारलाय, नाहीतर दर पंधरा दिवसांनी चिंच-मीठ घेऊन बसावं लागलं असतं. दुपारचं ऊन खिडकीतून त्याच्यावर पडतं तेव्हा बायकोसुद्धा नावं ठेवत नाही.

विकत घे की:

माठारकामाचा फोटो टाका ना काका. (मी फक्त बघणार आहे.)

खारा वारा, रत्नागिरी:

दोन गोष्टी कोकणातून.

एक, जिथे जिथे पत्रा कापाल तिथला गॅल्व्हनाइज गेलेला असतो. इकडे एका पावसाळ्यात ती धार तांबडी होते आणि गंजाची पूड बोर्डावर पडते. कापून झाल्यावर धारांना प्रायमरचे दोन हात द्या आणि वर काळा स्प्रे. पण बोर्डाचे स्पेसर (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) जिथे बसतात आणि एसएमपीएस जिथे कसला जातो तिथे रंग नको, तिथे धातूला धातू लागला पाहिजे. लाकडी पेटीत अर्थिंगचा रस्ता तोच एक. एसएमपीएसचं अंग अर्थला जोडलेलं असतं, ट्रे त्याला लागला की ट्रेही अर्थ होतो. अर्थात भिंतीतल्या तिसऱ्या पिनेत खरंच अर्थ असेल तर. जुन्या घरात ती पिन नुसती शोभेला असते. वायरमनला बोलावून तपासून घ्या.

दोन, पेटी आधी उन्हात नको पण उजेडात उघडून बघा. खालच्या कोपऱ्यात मैद्यासारखा भुसा दिसला तर आत किडा आहे. त्याचा बंदोबस्त आधी. तो भुसा पंखा ओढून घेतो. आणि या पेट्या सरसानं जोडलेल्या असतात, ओल लागली की सांधे सुटतात. ट्रेची चार भोकं गोल न ठेवता थोडी लांबट ठेवलीत तर पेटी हलली तरी ट्रे ताणला जात नाही.

हो, आणि एक गंमत. लोखंडी डबा कॉम्प्युटरचा रेडिओ-गोंगाट आत अडवतो, लाकूड अडवत नाही. माझ्याकडे प्लायचा कॅबिनेट आहे, तो चालू असताना शेजारचा ट्रान्झिस्टर नुसता खरखरतो. म्हणजे तुमच्या रेडिओच्या पेटीतला कॉम्प्युटर घरातल्या दुसऱ्या रेडिओला बोलू देणार नाही! पेटीला आतून ॲल्युमिनियमची चिकट पट्टी लावून ती ट्रेला टेकवली की बराच फरक पडतो. बोर्डाच्या आसपास सुटं टोक लोंबू देऊ नका मात्र.

तापलेला व्हॉल्व्ह, पुणे:

चार बोल्टांचा बेत वाचला, राग गेला. आता मदत करतो.

डायलची काच. हे नीट वाचा, कारण सगळे इथेच घात करतात. त्यावरची अक्षरं, मीटरचे आकडे आणि स्टेशनांची नावं, काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि आता ती जेमतेम धरून बसलेली असतात. ओलं फडकं फिरवलंत की रेडिओ सिलोनचं नाव पुसलं जातं. साबण नाही, काच पुसायचा स्प्रे नाही, थुंकीसुद्धा नाही. पुढची बाजू हवी तशी पुसा. मागची फक्त मऊ कोरड्या ब्रशनं, तोही अक्षरांना न टेकवता. काही अक्षरं आधीच सुटत असतील तर हात लावू नका, आधी सरळ वरून एक चांगला फोटो काढून ठेवा. तुम्ही तर डिझाइन करता, गरज पडली तर तेच अक्षर परत काढाल.

काटा हलवायचा असेल तर दोरीच्या चाकांची सगळी रचना शॅसीवर पुढे असते. ती पट्टी शॅसीपासून सुटी होते का बघा, झाली तर तेवढीच पेटीत परत बसवा. काटा झूमबरोबर हलला तर मी सांगलीला येऊन बघीन.

पॉलिशबद्दल. लाकूड घासून नवं करायची घाई नको. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. चिकट झालं तर ते चपडी लाखेचं पॉलिश आहे. मग सोपं, त्याच पॉलिशचा पातळ हात वरून दिला की जुनं आणि नवं एकजीव होतं. स्पिरिटनं काही झालं नाही आणि थिनरनं सुटलं तर तो लॅकर. पॉलिशपेपर मारूच नका, वरचं सागवान कागदासारखं पातळ असतं, खाली प्लाय. एकदा का पिवळं प्लाय दिसलं की ते झाकता येत नाही.

शॅसी माझ्यासाठी ठेवा म्हटलं होतं, ते मागे घेतो. पेटीबरोबरच ठेवा, खोक्यात, चिठ्ठी लावून.

चिंचेखालची:

सिलोन वाचलं! मी आज दुपारी ओलं फडकं घेऊनच बसणार होते.

स्पिरिट लावलं, चिकट झालं, म्हणजे लाखेचं. भुसा नाही. दोन्ही गंजके बोल्ट सुटले. शॅसी बाहेर काढली, आई म्हणाली आता हे दोन झाले. दोरीच्या चाकांची पट्टी तीन स्क्रूंवर आहे, सुटते.

भंगारातून एक जुना कॅबिनेट आणलाय, दीडशे रुपयांना, मागची बाजू सरळ आहे. कापायच्या आधी विचारते. शॅसीच्या बोल्टांचं अंतर आडवं ३६ सेंमी आणि पुढेमागे १३. या मापात बोर्ड आणि एसएमपीएस शेजारी शेजारी बसतील का? सुतारमामा म्हणतात एसएमपीएस बोर्डाच्या वर फळी ठोकून ठेवू.

कानसवाला, चिंचवड:

वर नको. बोर्डाची सगळी ऊब वर त्यातच चढेल आणि पंख्यासमोर भिंत उभी राहील. मामांना म्हणावं, तुम्ही फक्त स्पीकरच्या जागेची प्लायची पट्टी करून द्या.

ट्रे ४० बाय १९ सेंमीचा धर. बोर्ड १७, छोटा एसएमपीएस म्हणजे एसएफएक्स घेतलास तर तो १२.५ रुंद, १० खोल आणि साडेसहाच्या आत उंच. दोन्ही मिळून साडेएकोणतीस. शेजारी शेजारी बसून रुंदीत आणखी दहा सेंमी उरतात, त्यात वायरी. नेहमीचा मोठा एसएमपीएस १५ रुंद आणि १४ खोल असतो. तोही ट्रेवर मावेल, पण २१ च्या खोलीत त्याच्या पुढे वायरी वळवायला जागा राहत नाही आणि बटणांच्या दांड्या आडव्या येतात. थोडे पैसे जास्त जातील, एसएफएक्सच घे. त्याचा पंखा वरच्या अंगाला कर.

आधी पुठ्ठ्याचा ट्रे काप. बोर्डाच्या मापाचा पुठ्ठा, एसएमपीएसच्या मापाचं खोकं, सगळं पेटीत सरकवून बघ. दांड्या कुठे येतात त्याची खूण पुठ्ठ्यावर कर. तुझ्या रेडिओत ट्यूनिंगचं बटण पुढून बघताना उजवीकडे असणार, चाकांची पट्टीही तिकडे जास्त जागा खाते. म्हणून पुढून बघताना एसएमपीएस डावीकडे, बोर्ड उजवीकडे. बोर्ड चपटा असतो, दांडी आणि चाकं त्याच्या वरून जातात. प्रोसेसरवरचा कूलर मात्र बुटका घे, ५ सेंमीच्या आत.

पुठ्ठा बसला की फोटो टाक, मागून काढलेला. तोवर पत्र्याला हात लावू नकोस.

आणि "विकत घे की", तुमच्यासाठी तांब्याचा फोटो उद्या टाकतो. आज उजेड गेला.